पावसाच्या देशात उघडी गाडी

गाडी घेतल्याचं कळवल्यावर साताऱ्याहून पहिला प्रश्न आला तो हाच: "तिकडे बारा महिने पाऊस, आणि तू छप्पर उघडायची गाडी घेतलीस?" काकांनी विचारला, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारला, आणि खरं सांगायचं तर इथल्या शेजारच्या आजींनीही विचारला. प्रश्न रास्त आहे. मार्चपासून गाडी चालवतेय, आता त्याचं उत्तर नीट देता येईल असं वाटतं.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. दोनच सीट, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा गिअर हाताने टाकायचे, ताकद मागच्या चाकांना, आणि वर काळ्या कापडाचं घडीचं छप्पर. लांबीला आपल्याकडच्या स्विफ्टएवढीच, पण उंची १२३ सेंटीमीटर. शेजारी एखादी एसयूव्ही थांबली की आपले डोळे तिच्या दाराच्या कडीशी येतात. आम्ही इंग्लंडमध्ये शेफील्डला राहतो. मुलगा शिकायला बाहेर पडला, नवऱ्याची पाच दारांची गाडी घरात आहेच, त्यामुळे दोन सीटमध्ये आमचं भागतं. चार माणसांच्या घरात ही एकुलती एक गाडी म्हणून मी कुणाला सुचवणार नाही.

याच गाडीत दोन प्रकार मिळतात. एकात छप्पर कडक असतं, बटण दाबलं की १३ सेकंदांत त्याचे तुकडे एकमेकांत सरकून मागे जातात, तेही गाडी थांबलेली किंवा अगदी रांगत असेल तरच. दिसायला फार देखणी. पण तिच्यात डोक्यामागचे खांब आणि कमान तशीच उभी राहते. त्यामुळे छतातली मोठी खिडकी उघडल्यासारखं मला तिच्यात बसल्यावर वाटलं. कापडाचं छप्पर हाताने उघडायचं, मोटर नाही, वायर नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि उघडलं की मागे काहीच उरत नाही. मी कापडाचं घेतलं.

इंग्लंडमध्ये नव्या गाडीची नंबरप्लेट वर्षातून दोनदा बदलते, १ मार्चला आणि १ सप्टेंबरला. प्लेटवरून गाडी कधीची ते कळतं, म्हणून हिवाळ्यात गाडी ठरवलेले लोक मार्च उजाडायची वाट बघतात. आम्हीही बघितली. २५ आकड्याची प्लेट लावून गाडी ताब्यात मिळाली तेव्हा बाहेर सात-आठ डिग्री तापमान होतं आणि आकाश भरलेलं. डीलरकडच्या मुलीने टचस्क्रीन, फोन जोडणं वगैरे झटपट दाखवलं आणि मग म्हणाली, "आता महत्त्वाचं." आणि छप्पर माझ्याकडूनच उघडून घेतलं.

ते नीट सांगते, कारण गाडीतला सगळ्यात सुंदर भाग मला हाच वाटतो. समोरच्या काचेच्या वरच्या कडेला, आरशाच्या बरोबर वर मधोमध एकच खिट्टी आहे. तिचं बटण दाबून ओढली की कडा सुटते, आणि त्याच क्षणी दोन्ही खिडक्यांच्या काचा आपोआप बोटभर खाली उतरतात, म्हणजे छपराचं रबर काचेला घासत नाही. मग उजवा हात वर करायचा, चौकट धरायची आणि खांद्यावरून मागे लोटायची. कापड इंग्रजी झेडसारखं तीन पदरी दुमडत मागच्या खाचेत बसतं. मागची काच आपोआप आडवी होऊन खाली जाते, आणि छपराचा पुढचा भाग उताणा न पडता वरच्या बाजूने सपाट बसतो, त्यामुळे वर वेगळं झाकण घालावं लागत नाही. तळहाताने दाबलं की 'टक' असा आवाज येतो. झालं. बंद करताना सीटच्या मागची कळ सोडली की स्प्रिंग छप्पर जरासं वर उचलून देते, तिथून ते पुढे ओढून खिट्टी लावायची. सीटवरून उठावं लागत नाही. सिग्नल लाल असताना निवांत होतं. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, माझा हात पुरेल का ही धास्ती होती. पुरतो. पहिले काही दिवस खांदा मात्र बोलत होता.

त्या दिवशी घरापर्यंत छप्पर उघडंच ठेवून आले. टोपी, मफलर, पायांवर हीटरची गरम हवा, सीटचं गरम बटण चालू. गळ्यापर्यंत ऊब आणि चेहऱ्यावर मार्चमधली थंडगार हवा. त्या दिवसानंतर मला हिवाळ्याची भीती उरली नाही.

उघड्या गाडीत बसल्यावर आधी जाणवतो तो वेग नव्हे, वास. चिप्सच्या दुकानावरून गेलं की व्हिनेगरचा, बेकरीवरून गेलं की पावाचा, पुढच्या व्हॅनने ब्रेक दाबले की त्याचाही. शहराबाहेर पडलं की ओल्या मातीचा आणि मेंढ्यांचा. मे महिन्यात ओढ्याकाठच्या झाडीतून रस्ता गेला की रानलसणाचा इतका घमघमाट येतो की कुणी फोडणी टाकलीये असं वाटावं. इतकी वर्षं त्याच रस्त्यावरून बंद काचांतून जात होते, तिथे लसूण उगवतो हे मला माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये डोंगरमाथ्यावरचं हेदर नावाचं झुडूप फुलून जांभळं होतं, त्याला मधाचा वास येतो, तोही वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत पोचतो. आणि तापमान! सावलीत शिरलं की हवा बदलते, दरीत उतरलं की गार झुळूक, चढ चढून उन्हात आलं की पुन्हा ऊब. बंद गाडीत एसी हे सगळं पुसून टाकतो.

नव्या गाडीला पहिले हजार किलोमीटर जपायचं असतं. इंजिन थंड असताना पिळायचं नाही, अॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा नाही, आणि एकाच वेगाने फार वेळ जायचं नाही. ही शेवटची अट मला फारच मानवली, कारण त्यामुळे मोटरवे आपोआप बाद झाला. उरले ते पीक डिस्ट्रिक्टचे रस्ते. १९५१ साली झालेलं ब्रिटनचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान आमच्या घरापासून अगदी जवळ सुरू होतं. ए५७ म्हणजे स्नेक पासचा रस्ता शेफील्डहून निघतो आणि वळणं घेत घेत पाचशे मीटरच्या वर चढून ग्लॉसपकडे उतरतो. वेगमर्यादा ताशी ५० मैल. या गाडीला तेवढा वेग भरपूर झाला. इंजिनची ताकद १३२ अश्वशक्ती, आजच्या मानाने साधीच, पण गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांवर ते जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं. वळणावर स्टिअरिंग किंचित हललं की नाक लगेच वळतं. तिसरा गिअर, दुसरा, पुन्हा तिसरा. गिअरचा दांडा आखूड, मनगटातच काम होतं. खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात गाडी शिकलेल्या माणसाला हे रस्ते परके वाटत नाहीत. वळणाआधी गिअर उतरवायची सवय अंगात होतीच.

जमिनीला इतकं टेकून बसलं की चाळीस मैलांचा वेगही साठसारखा वाटतो. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. मजा यायला कायदा मोडावा लागत नाही.

आता वाऱ्याचं. लोकांना वाटतं वारा समोरून तोंडावर आदळतो. तसं होत नाही. समोरची काच हवेला वर उडवते, ती डोक्यावरून जाते आणि सीटच्या मागे खाली येते. तिथून काही हवा उलटी फिरून मानेमागून आत शिरते आणि केस उडतात ते त्या उलट्या झोताने. म्हणून दोन सीटच्या मध्ये, मागे, एक छोटा आडवा पडदा असतो तो त्या झोताला अडवतो. बाजूच्या काचा वर ठेवल्या तर आतला गोंधळ निम्म्याने कमी होतो. छप्पर उघडं आणि काचा वर, हे विचित्र दिसलं तरी थंडीत हाच उपाय. वेणी घालायची आणि ती जॅकेटच्या आत. ओढणी नको, लांब स्कार्फ तर मुळीच नको.

हेच हवेचं गणित पावसातही कामाला येतं. तर त्या प्रश्नाचं उत्तर.

इंग्लंडात पाऊस फार पडतो हे अर्धंच खरं. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पडतो, मुंबईला २००० च्या वर. इथला पाऊस वर्षभर चुळबुळत राहतो एवढंच. बहुतेक वेळा भुरभुर असते, मग थांबतो, मग ऊन, मग पुन्हा. गाडी ताशी ४५-५० मैलांनी चालत असली तर ही भुरभुर हवेच्या त्याच प्रवाहाबरोबर डोक्यावरून मागे निघून जाते. समोर वायपर फिरतायत, वर छप्पर नाही आणि आपण कोरडे. हे स्वतः अनुभवेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. अर्थात गाडी थांबली की थेंब मांडीवर. त्यामुळे पुढे सिग्नल किंवा ट्रॅक्टर दिसला की हात वर जातो. खरा पाऊस आला की छप्पर लावायचं, त्याला तीन-चार सेकंद लागतात, आणि लावल्यावर आत पाणी येत नाही. सर्पिणीसारखा घाट संपेपर्यंत पाऊस थांबलेलाही असतो.

मला उलटाच शोध लागला. उघड्या गाडीचा वैरी पाऊस नाही, ऊन आहे. जुलैत पारा तिशीला टेकला तेव्हा भर दुपारी मी छप्पर लावून एसी सुरू केला. डोक्यावर सरळ ऊन घेत ट्रॅफिकमध्ये उभं राहणं ही शिक्षा आहे. कानांच्या पाळ्या आणि डोक्यातला भांग या दोन जागी सनस्क्रीन लावायचं असतं हे मी इथे शिकले. भांग भाजतो, खरंच भाजतो. म्हणून मला वाटतं की पुण्या-मुंबईत अशी गाडी वापरणाऱ्याला वर्षातले फार थोडे दिवस मिळत असतील: डिसेंबर-जानेवारीची पहाट, आणि तीही धुळीच्या आधी. इथे मात्र मार्च ते नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात-आठला, दहा-बारा डिग्रीत, हीटर लावून. या गाडीचं हवामान ते. उन्हाळ्याची गाडी समजून तिला गॅरेजमध्ये झाकून ठेवणारे निम्मा आनंद सोडून देतात.

बहुधा म्हणूनच इंग्रजांना या प्रकाराचं वेड जुनं आहे. १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली एमजीबी, साठच्या दशकातली लोटस एलान, ट्रायम्फ, या सगळ्या इथल्याच. तेलाचे थेंब गाळणाऱ्या आणि छपरातून पाणी आत घेणाऱ्या म्हणून त्यांची ख्याती होती, तरी लोकांनी त्या जिवापाड सांभाळल्या. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की ब्रिटिशांनी सोडलेली ही साधी, हलकी, उघडी गाडी तुम्ही बनवा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हिरोशिमात दहा लाखावी गाडी बाहेर पडली. पेट्रोल पंपावर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हमखास जवळ येतात. "माझ्याकडे एमजी होती, लग्नाआधी," इथून सुरुवात होते आणि मागे रांग लागेपर्यंत बोलणं संपत नाही. मला ही माणसं फार आवडतात. समोरून दुसरी एमएक्स-५ आली की चालवणारा हात वर करतो, ही इथली रीत. आता माझाही हात आपोआप वर जातो.

जूनमध्ये आई आली. पंचाहत्तरीची, गुडघे दुखरे. गाडीची उंची बघून म्हणाली, "अगं, यात मला बसवशील, पण उठवणार कोण?" त्याला युक्ती आहे. छप्पर उघडायचं, म्हणजे डोकं वाकवावं लागत नाही. दाराकडे पाठ करून आधी सीटवर बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. उतरताना उलट: पाय आधी बाहेर, एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा माझ्या हातात. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याआधी तयार होऊन बसायला लागली, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. सीटचं गरम बटण तिला भारी आवडलं. "पाठीला शेक मिळतोय बघ, असाच राहू दे," म्हणाली, आणि जून महिन्यात मी तो चालू ठेवला.

तिला घेऊन लेडीबावरच्या धरणावर गेलो. तिथे पाण्याखाली डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावं गेली आहेत. डरवेंटच्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर दिसत राहायचा, तो १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. आईच्या माहेरची नाती कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांत होती. पुलावरून जाताना तिने विचारलं, "आणि माणसं? ती कुठं गेली?" मी म्हटलं, धरणाखालच्या बाजूला नवी घरं बांधून दिली. "बांधून दिली ना? बरं झालं," म्हणाली आणि मग तिच्या मामाच्या गावच्या आंब्यांबद्दल कॅसलटन येईपर्यंत बोलत राहिली. पुढे विनॅट्स पासच्या खिंडीत रस्ता चुनखडीच्या दोन उंच कड्यांमधून उभा चढतो. बंद गाडीतून तिथे समोरचा रस्ता आणि बाजूची दगडी भिंत एवढंच दिसतं. आईने मान मागे टाकली आणि कड्यांच्या माथ्यावर चरणाऱ्या मेंढ्या तिला थेट डोक्यावर दिसल्या. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश वर चढलो. तो चढ मला तिच्या जागी बसून बघायचा होता.

सामानाचं मात्र आधीच ठरवून ठेवावं लागतं. डिकी १३० लिटरची, उथळ तोंडाची. दोन मऊ पिशव्या नीट बसतात, कडक सूटकेस बसत नाही, त्यामुळे आईला विमानतळावरून आणायला नवऱ्याची गाडी नेली. किराण्याला पुरते: दहा किलो आट्याची पिशवी, डाळी, तेल, आणि कोथिंबीर शेजारच्या सीटच्या पायाशी, नाहीतर उडते. छप्पर उघडलं तरी डिकीची जागा कमी होत नाही, कारण घडी सीटच्या मागच्या खाचेत बसते. कडक छपराच्या काही गाड्यांमध्ये घडी निम्मी डिकी खाते. स्टेपनी नाही, पंक्चरचं द्रव्य आणि हवेचा छोटा पंप आहे. समोर कप्पा नाही, दोन सीटच्या मध्ये मागे एक कुलपाचा डबा आहे. पेट्रोल लिटरला १५-१६ किलोमीटर देतं.

मोटरवेवर कापडी छपराची कुठलीही गाडी आवाज करते. एम१ ने लंडनला कार्यक्रमाला गेलो तेव्हा ७० मैलांवर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज सतत होता. शेजारी ट्रक आला की बोलणं थांबवायचं. अडीच-तीन तासांनी कान थकतात. रोज मोटरवेवरून कामाला जाणाऱ्याने आधी एकदा त्या रस्त्यावर चालवून बघावी.

आणखी एक गोष्ट इथले जुने मालक आवर्जून सांगतात: आत काही ठेवायचं नाही. कोट नाही, पिशवी नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही. चोराला कापड फाडायला एक चाकू पुरतो, आणि आतल्या वस्तूपेक्षा नव्या छपराचा खर्च कितीतरी मोठा.

छपराची निगा हा माझ्या रविवारचा भाग झाला आहे आणि मला तो आवडतो. ब्रश फिरवणाऱ्या यंत्रातून गाडी कधीच न्यायची नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, कापडाच्या विणीच्या दिशेने. पक्ष्याची घाण पडली तर खरवडायची नाही. ओलं फडकं ठेवून ती सुटू द्यायची. ओलं छप्पर घडी करून ठेवायचं नाही, बुरशी धरते. वर्षातून एकदा पाणी न धरणारं द्रव लावायचं, मग थेंब कापडावर मोत्यांसारखे उभे राहतात आणि हलवलं की घरंगळतात.

सगळ्यात महत्त्वाच्या आहेत त्या पाणी वाहून जायच्या नाल्या, ज्या विकत घेताना कुणी दाखवत नाही. छपरावरचं पाणी मागच्या खाचेत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांतून मागच्या चाकांपुढे खाली पडतं. भोकं तुंबली तर ते पाणी गाडीत येतं, गालिच्याखाली साचतं, पुढे पत्रा गंजतो. आमच्या गल्लीत सिकमोरची झाडं आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पंखवाल्या बिया आणि पानांचा चुरा छपराच्या घडीत गोळा होतो. छप्पर अर्धवट उचलायचं, टॉर्च धरायचा, बोटांनी कचरा काढायचा आणि ग्लासभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय ना ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. जुनी एमएक्स-५ घेणाऱ्यांनी तर आधी ही भोकं बघावीत, मग इंजिन.

आता थंडी लागलीये. रात्री रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक फिरायला लागतील. मीठ पत्र्याला खातं, त्यामुळे कोरड्या दिवशी गाडीची खालची बाजू पाण्याने धुवायची असं ठरवलंय. दंव गोठून कडक झालेलं कापड दुमडायचं नाही, त्या दिवशी छप्पर बंदच. टायर गाडीबरोबर आलेले उन्हाळी आहेत, बर्फ पडला की स्नेक पास तसाही बंद करतात, तेव्हा नवऱ्याची गाडी. पण आकाश निवळलेल्या कोरड्या रविवारी, चार-पाच डिग्री असले तरी, पीक डिस्ट्रिक्टमधल्या हॅदरसेज गावामार्गे चहाला जायचं आहे. लोकरीची टोपी आईने साताऱ्याहून विणून पाठवलीये, कान झाकणारी.